इंग्रजी लेहाची चौकशी

१२ जून १९५९, बसवनगुडी

आज घरात विलायतेहून आलेली एक काळी बाटली शिरली आणि गोदूअक्काने तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच अडवलं.

लेक वसू पहिल्या बाळंतपणाला धारवाडहून आली आहे. आली ती पांढरीफटक होऊनच. जिभेला फोड आलेत, दोन पायऱ्या चढली की धापा टाकते, आणि पोटात काही ठरत नाही. वरणाचं पाणी दिलं तरी उलटून पडतं. डॉक्टर सलडाणाबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मिस्टर राव, अंगात रक्त नाही. असंच राहिलं तर बाळंतपणात आई आणि मूल, कुणाचीच खात्री मी देणार नाही." गोळ्या दिल्या, सुया चालू केल्या, आणि वर हा काळा लेह, चाटणासारखा घट्ट. चमचाभर गरम पाण्यात ढवळून पाजायचा. एकदा पोटात काही ठरायला लागलं की भूक लागेल, असं त्यांचं म्हणणं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन परत आली. माझी बायको गेल्यावर वसूला तिनेच वाढवलं. घरातल्या मडीचा कारभार तिचा. मडी म्हणजे सोवळं. शहाजीराजांच्या मागून दफ्तरं घेऊन कानडी मुलखात आलेले आम्ही, घरात अजून मराठीच बोलतो, पण काही शब्द इथलेच होऊन बसलेत. अक्काच्या मडीचा लौकिक धारवाडपर्यंत आहे. वसूच्या सासरचे लोक दुसऱ्या कुणाकडे पाणी पीत नाहीत, पण अक्काच्या हातचं पोटभर जेवतात.

बाटलीवरचं सगळं इंग्रजी मी मोठ्याने वाचून दाखवलं. यीस्टचा अर्क, मीठ, भाज्यांचा अर्क. मांसाचं नावसुद्धा नाही.

"यीस्ट म्हणजे काय?" अक्काने विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. सर्व्हे खात्यात जन्म गेला, ठाऊक नाही असं म्हणायची सवय नाही. तरी म्हणालो.

"मग कळलं की सांग, हयवदना," ती म्हणाली, आणि बाटली पडवीत रॉकेलच्या डब्याशेजारी नेऊन ठेवली.

मी बोटभर चाखून पाहिला. खारट, कडवट, करपलेल्या सारासारखा. खात्री करायला आणखी एकदा चाखला.

१४ जून

शेजारचे प्रतापराव बीअरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतात. त्यांना यीस्टबद्दल विचारलं.

"अहो राव, ते तर बीअरचं बूड! पिंपाच्या तळाला गाळ बसतो ना, तेच."

"म्हणजे वसूला दारू पाजायची?"

"दारू नव्हे हो. ज्याच्यामुळे दारू होते ते."

"ते म्हणजे काय?"

"बारीक बारीक जीव असतात."

"जीव?"

"जीव म्हणजे बुरशी म्हणा."

माणूस सज्जन आहे, पण प्रत्येक वाक्याला त्याने प्रकरण आणखी बिघडवलं. अक्काला यातलं काही सांगायचं नाही असं ठरवून घरी आलो आणि पाचव्या मिनिटाला सगळं सांगून टाकलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे ती लहानपणापासून म्हणत आली आहे.

१५ जून

मोठा पुरावा हाती लागला! अय्यंगार बेकरीत पावाच्या पिठात हेच यीस्ट घालतात. मालकांच्या कपाळावर हातभर नाम, दुकानात वेंकटरमणाचा फोटो, आणि आत यीस्ट. मी धावत घरी आलो आणि अक्काला सांगितलं.

"अय्यंगार पाव विकतात रे," ती म्हणाली. "खातात का, ते विचारलंस?"

परत गेलो. विचारलं. "नावु तिन्नोदिल्ल, स्वामी," ते म्हणाले. आम्ही नाही खात.

अय्यो! घरी आलो तर माझ्या तोंडावरूनच अक्काला कळलं. वाती वळता वळता हसत होती. पुष्कळ दिवसांनी हसली.

१७ जून

आज दुपारी अक्काने स्वतःच पाणी गरम केलं, पडवीत बसून लेह ढवळला आणि वसूला पाजला. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत बसलो. वसू म्हणाली, "असं बघत बसलात तर नक्की उलटी होईल."

झाली नाही. संध्याकाळी तिने आपण होऊन इडली मागितली आणि दोन खाल्ल्या. अक्काने बाटली रॉकेलजवळून उचलून वसूच्या खिडकीत ठेवली. माझ्या युक्तिवादाचा परिणाम झाला म्हणायचा.

२६ जून

वसूच्या ओठांना किंचित रंग आला आहे. दवाखान्यात सुई देताना कंपाउंडरने सांगितलं की त्या सुईत यकृताचा अर्क असतो. मग मला प्रश्न पडला की सुईतून गेलेलं खाल्लं असं म्हणायचं का? शास्त्रात तोंडाचा विचार आहे, दंडाचा नाही. अक्काला विचारलं तर म्हणाली, "तू चर्चा कर. मी पोरीला धरते."

४ जुलै

लेह संपला, आणि गावात दुसरी बाटली नाही. सरकारने परदेशी माल अडवला आहे. आज अवेन्यू रोडपासून कँटोन्मेंटपर्यंत सगळी दुकानं पालथी घातली. मार्केटजवळच्या एका दुकानात तशीच काळी, पण जरा बुटकी बाटली फळीवर दिसली. मी बोट दाखवलं. दुकानदाराने माझ्या गंधाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ते तुमच्यासाठी नव्हे, स्वामी." का, म्हणून विचारणार तेवढ्यात एक मडमीण आत आली आणि तो तिच्याकडे वळला. शिळा माल असावा. प्रामाणिक माणूस दिसला.

घरी आलो तर वसूने सकाळची पेज ओकून टाकली होती.

८ जुलै

चार दिवस पोरीच्या पोटात काही नाही. पाण्यात पापड उकळून दिला, मेतकूट दिलं, लिंबाचं सार दिलं. काही राहत नाही. आज घोड्याच्या जटक्यातून दवाखान्यात नेताना तिने माझ्या खांद्यावर मान टाकली आणि विचारलं, "अण्णा, मी मरणार नाही ना?" मी म्हणालो, वेडी की काय.

सलडाणाबाईंकडे अक्का वसूला घेऊन आत गेली होती. मी बाहेर कंपाउंडरशी यीस्टबद्दल बोलत होतो. त्याला काहीच माहिती नव्हती. मध्येच अक्काने वसूला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं. बराच वेळ दोघी आत होत्या. बाहेर आली तेव्हा पदर तोंडाला लावला होता. काय म्हणाल्या, विचारलं. "बघू म्हणाल्या."

१० जुलै

अक्का सकाळी मठात जाते म्हणून गेली. मठ चार गल्ल्या पलीकडे आहे. पण मी कोपऱ्यावर पेपर घ्यायला गेलो तेव्हा ती कँटोन्मेंटच्या बसमधून उतरत होती! आयुष्यात ही बाई कधी त्या बाजूला एकटी गेलेली नाही. कुणाचा स्पर्श होईल म्हणून ती जटक्यातसुद्धा कडेला बसते. घरी आल्यावर डोक्यावरून पाणी घेत कितीतरी वेळ विहिरीपाशी होती.

दुपारी पाहतो तर आमच्या लोणच्याच्या छोट्या चिनी बरणीत लेह!

"कुठे मिळाला?"

"मिळाला."

"कुणी दिला?"

"डॉक्टरीणबाईंनी सोय सांगितली."

"बाटली कुठे आहे? वाचतो."

"फुटली. तुला वाचायला काही उरलेलं नाही. जा."

वसू प्यायली आणि सगळं पोटात राहिलं. देवाची कृपा. मी चाखला. पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगला आहे, कडवटपणा कमी आणि चव दाट. अक्काने जिरं घातलं असावं.

१३ जुलै

घरात काहीतरी चमत्कारिक चाललं आहे. परवा अक्का म्हणाली, "आजपासून देवाचा नैवेद्य तू शिजव. मला होत नाही." मला! मी शिजवलेला भात खाली करपतो आणि वर कच्चा राहतो. तोच देव खातो आणि तोच मी खातो. ती वसूचं पथ्याचं करते, आणि स्वतः मागच्या पडवीत एकवेळ जेवते. देवघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. गुडघे दुखत असतील म्हणून तेल आणून दिलं. ते तिने वसूच्या पाठीला लावलं.

आणखी एक. आमचा गवळी रोज सकाळी गाय दारात आणून धार काढतो. अक्का त्या गायीच्या पाठीवरून हात फिरवून डोळ्यांना लावल्याशिवाय दूध घ्यायची नाही. आता घंटा वाजली की ती आत निघून जाते आणि मला पाठवते. मी गवळ्याला विचारलं, गाय मारकी झाली का? तो माझ्यावरच रागावला.

१९ जुलै

चातुर्मास लागला. अक्काचं एकवेळ जेवणं म्हणजे नेमच असणार, आधीपासून धरलेला. हे मला सुचायला हवं होतं. कोडं सुटलं.

वसू मात्र भराभर सुधारते आहे. जिभेचे फोड गेले. अंगणात फेऱ्या मारते, माझ्या भाताला नावं ठेवते.

आज एक वाईट प्रकार झाला. दुपारी मी बरणीत बोट घातलं होतं आणि अक्काने पाहिलं. तिने माझ्या हातावर फटका मारला. या वयात! "रोग्याचं आहे ते! पुन्हा हात लावलास तर बघ!" आणि मग तिथेच खाली बसून रडायला लागली. मला म्हणाली, "कधीपासून खातोस?" मी म्हणालो, आजच. खरं म्हणजे रोज खातो, आणि आता बोटाऐवजी चमचा वापरतो. पण चमचाभर लेहासाठी माणसाने इतकं रडायचं?

२८ जुलै

उजव्या पायाचा अंगठा वांग्यासारखा फुगला आहे. चादर लागली तरी ब्रह्मांड आठवतं. आमचे जुने डॉक्टर आले, पाहून म्हणाले, "वातरक्त. मांस, मद्य वगैरे?" मी मोठ्याने हसलो. म्हणालो, डॉक्टर, तीनशे वर्षांत नाही. ते म्हणाले, मग हा अंगठा कुणाचा? दारात अक्का उभी होती. तिचं तोंड एकदम उतरलं, तिला माझी काळजी वाटली असणार. संध्याकाळी बरणी तिने आपल्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं.

६ ऑगस्ट

मुलगी झाली!

पहाटेपासून दवाखान्याच्या व्हरांड्यात एका पायावर होतो, दुसरा टेकवत नव्हता. सलडाणाबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, दोघी ठीक. मी रडलो. लाज वाटायचं कारण नाही, रडलो. अक्का रडली नाही. तिने भिंतीला टेकून डोळे मिटले. मूल काळंसावळं, केसाळ आणि आरडाओरडा करणारं आहे. माझ्यावर गेलं आहे.

१० ऑगस्ट

हे कसं लिहावं कळत नाही.

लंगडत दवाखान्यात गेलो होतो. सलडाणाबाई मोकळ्या दिसल्या म्हणून विचारलं, त्या लेहाच्या कंपनीचं नाव सांगा, आभाराचं पत्र लिहितो आणि त्यांचं यीस्ट बीअरचं असतं का तेही विचारून घेतो. शेवटी हेही सांगितलं की मी स्वतः तो रोज चमचाभर खाऊन पाहिला आहे.

बाईंनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि खळखळून हसल्या. "मिस्टर राव! अहो, तुमच्यासारख्या वातरक्ताच्या माणसाला पहिला लेहसुद्धा वाईट, आणि हा मांसाचा तर विषच!"

"मांसाचा?"

त्यांचं हसू थांबलं.

"कसल्या मांसाचा?"

त्या हळू म्हणाल्या, "गाईच्या. चुकलं माझं. मला वाटलं, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या बहिणीने विचारलं होतं, पहिल्यासारखं दुसरं काही आहे का. मी म्हटलं, आहे, पण ते तुम्हाला मी देऊ शकत नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही देऊ नका, फक्त नाव सांगा. वसुमतीला ठाऊक नाही."

तिथून घरी कसा आलो ते आठवत नाही. वाटेत एका कट्ट्यावर बसून ओकायचा प्रयत्न केला. काही आलं नाही. आता येऊन काय उपयोग?

११ ऑगस्ट

अक्काचा राग येतो. मग वसू पाळण्याकडे बघून हसते, आणि राग जातो. मग पुन्हा येतो. न सांगता पाजलं! पोरीला विचारायला नको होतं? पण विचारलं असतं तर? मी तर गंध लावून दुकानातून परत आलो होतो आणि दुकानदाराला प्रामाणिक म्हणत होतो.

मागच्या पडवीत आज अक्का एकटी जेवत होती. केळीच्या पानाच्या तुकड्यावर नुसता भात आणि ताक. मी बघितलं आणि परत फिरलो. जन्मात पहिल्यांदा मला काही विचारावंसं वाटलं नाही.

१७ ऑगस्ट

बारसं झालं. सगळं लिहून ठेवतो.

धारवाडहून व्याही, जावई आणि विहीण कृष्णाबाई काल आले. वसूकडे बघून कृष्णाबाई थक्क झाल्या. "गोदूअक्का, काय खाऊ घातलंत हो पोरीला? लग्नातसुद्धा अशी दिसत नव्हती." अक्का खाली बघून म्हणाली, "पेजच."

आज सकाळी अक्काने ठरवलेला आचारी आला. कृष्णाबाईंनी त्याला बघितलं मात्र! "हे काय? आम्ही आचाऱ्याच्या हातचं जेवत नाही, ठाऊक आहे तुम्हाला. अक्कांच्या मडीचं जेवायला मिळेल म्हणून मी एवढ्या लांब आले. अक्का, तुम्ही करणार नसाल तर आम्ही फळं खाऊन राहू." व्याह्यांनी मान हलवली. जावई वसूकडे बघायला लागला, वसू माझ्याकडे. "अक्का, बरं नाही का तुला?" वसूने विचारलं. अक्का मागच्या दाराने विहिरीपाशी गेली.

मी मागोमाग गेलो. ती धुण्याच्या दगडाला धरून उभी होती.

"सांग त्यांना, मला ताप आहे," ती म्हणाली.

"अक्का, मला कळलंय."

तिने वळून पाहिलं. "कुणी सांगितलं?"

"आधी अंगठ्याने. मग डॉक्टरीणबाईंनी."

"वसूला?"

"नाही."

ती दगडावर बसली. मग बोलायला लागली, हळू, थांबत थांबत. "विचारलं असतं तर नको म्हणाली असती. मी वाढवलीय तिला, मला ठाऊक आहे. तिने नको म्हटल्यावर मी पाजू शकले नसते. म्हणून विचारलंच नाही. पाप लागायचं ते मला लागू दे, ती अजाण आहे."

"मठात जाऊन प्रायश्चित्त घे."

"घ्यायचं तर काय केलं ते तोंडाने सांगावं लागतं. आज मठात सांगितलं की उद्या धारवाडला पोचलं. मग ही पोर आणि तिची पोर कुठे जाणार? ते नाही व्हायचं. हे माझ्याबरोबरच जाणार, हयवदना. पण या हातांनी देवाला शिजवून घालू? सगळ्यांना वाढू? ते मला जमणार नाही."

मला शास्त्र येत नाही. जे सुचलं ते बोललो. "मीही खाल्लाय. निम्मी बरणी माझ्याच पोटात गेली. तू जाणून पाजत होतीस आणि मी नकळत खाऊन त्याच हाताने रोज देवाला फुलं वाहत होतो. आता या घरात मडीचं माणूस उरलेलं नाही. देवाला उपाशी ठेवायचं की आपल्या हातचं द्यायचं, एवढाच प्रश्न आहे. माझ्या हातचं तर त्याने महिनाभर गिळलंय, त्याच्यावर आणखी अन्याय करू नकोस."

तिला हसू आलं आणि रडूही. पदराने तोंड पुसलं. कितीतरी वेळ हातांकडे बघत राहिली. मग उठली, विहिरीतून घागर काढली आणि डोक्यावर ओतली. दुसरी ओतली. ओलेत्याने तशीच स्वयंपाकघरात गेली आणि आतून ओरडली, "आचाऱ्याला दक्षिणा देऊन पाठव!"

हरभऱ्याच्या डाळीचं गोड हयग्रीव, चित्रान्न, कोसंबरी, सार. वासाने कृष्णाबाई दोनदा दारापर्यंत येऊन गेल्या. नैवेद्याचं ताट घेऊन अक्का देवघराच्या उंबऱ्याशी थांबली. मी आत तुळस घेऊन बसलो होतो. "मी इथूनच देते, तू घे," ती म्हणाली. मी हात पुढे केले नाहीत.

ती आत आली. ताट ठेवलं, पडदा ओढला. मी बाहेर येऊन घंटा हातात घेऊन उभा राहिलो. तिला वाटलं मी लांब आहे. देवाशी ती कानडीत बोलत नाही, संस्कृतातही नाही, आमच्या घरच्या मराठीतच बोलते.

"पोर वाचली. तिची पोर वाचली. आता माझं काय करायचं ते तू बघ, मी तक्रार करणार नाही. पण त्या दोघींना हात लावलास तर बघ."

मी जोरात घंटा वाजवली, बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

पडदा सारून ती बाहेर आली. "हयवदना, उभा काय राहिलास? पानं मांड," ती म्हणाली. "मंडळी भुकेली आहेत."